बोटुकली सोडण्याआधी नदीचा तळ पाहा



गेल्या महिन्यात नागपुरात प्रताप नगरला आपल्या शहरवासी सभासदांची बैठक झाली. मुलांच्या शिक्षणापायी म्हणा, नोकरीपायी म्हणा, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तिकडे घरे केली आहेत. वावर गावाला आणि बिऱ्हाड शहरात. अशा मंडळींना वार्षिक सभेला येणे जमत नाही, म्हणून कारखान्याची मंडळीच अधूनमधून तिकडे जातात. चहा झाला, उसाच्या भावाची चर्चा झाली, अंतिम हप्त्यावरून नेहमीची कुरबुर झाली. मग एका तरुण सभासदाने सूचना मांडली. येत्या श्रावणात कारखान्यातर्फे आपल्या बंधाऱ्यावर महाशीर माशाची एक लाख बोटुकली बाहेरून आणून नदीत सोडावीत, मोठे पाहुणे बोलवावेत आणि दुर्मिळ मासा वाचविल्याचे पुण्य पदरात घ्यावे. टाळ्या पडल्या. खोटे कशाला बोला, आम्हीही वाजविली.

मागच्या खुर्चीवरून एक सभासद भगिनी उठल्या. वयाने साठीच्या, शेअर नवऱ्याच्या पश्चात त्यांच्या नावे झालेला. त्या म्हणाल्या, "सोडा ना भाऊ, लाख सोडा. पण मोठे झाल्यावर ते बाळंतपणाला कुठं जातील, हे कोणी पाहून आलं काय? माहेराचं दार तर आपणच लावून ठेवलं आहे."

मंडळी हसली. हसून झाल्यावर मात्र कोणाला उत्तर सुचेना. सूचना संचालक मंडळाकडे विचारार्थ पाठवावी असे ठरले आणि बैठक संपली. संचालक मंडळाने ती आहे त्या स्वरूपात मान्य करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी आजची ही जागा आम्ही घेत आहोत. सूचना मांडणाऱ्या तरुणाचा हेतू चांगला होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण रान न नांगरता बेणे टाकणाऱ्या माणसाचाही हेतू चांगलाच असतो.

प्रथम या माशाविषयी. महाशीर हा मोठ्या खवल्यांचा, भल्या थोरल्या तोंडाचा, वाहत्या स्वच्छ पाण्याचा मासा. आपल्या दख्खनच्या महाशीराचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध केले आणि ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्याने त्याला खुद्री हे नाव दिले, तेच नाव शास्त्रात आजही चालते. ज्या मुळा-मुठेत तो साइक्सला मिळाला, तिचे आजचे रूप पुण्याला जाऊन आलेल्यांनी पाहिलेच आहे. त्यावर शाई खर्च करीत नाही. इंद्रायणीत देहूच्या डोहातले मासे लोकांनी भक्तिभावाने राखले. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहातले महाशीर वरदायिनी देवीचे म्हणून कोणी मारीत नाही. म्हणजे हा मासा राखण्याची बुद्धी आपल्या लोकांना सरकारी खाते निघण्यापूर्वीपासून होती. मध्य प्रदेशाने तर २०११ साली महाशीरला राज्याचा मासा ठरविले, आणि आपली पेंच तिथूनच उतरून येते. महाराष्ट्राने २०२३ साली राज्यमासा म्हणून पापलेट निवडला. समुद्राच्या माशाला मान मिळाला याचे वाईट वाटायचे कारण नाही. पण गोड्या पाण्यातल्या माशाला दरबारात वाली कमी, हे खरे.

हा मासा जगवायचा कसा, याचे फार मोठे काम महाराष्ट्रातच झाले आहे आणि ते मुद्दाम सांगायला हवे. लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महाशीरचे बीज तयार करण्याचे केंद्र उभे केले. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्यासोबत एस. एन. ओगले यांनी हा मासा अंडी केव्हा घालतो, अंडे कसे दिसते, पिल्लू किती दिवसांत निघते, हे पावसात उभे राहून नोंदविले. नर-मादी धरून, अंडी काढून, ती फळवून पिल्ले वाढविण्याची रीत तिथे बसली. पुढे तिथले बीज देशातल्या कितीतरी नद्यांना आणि तलावांना गेले. २०२० साली वर्तमानपत्रांतून आले की, आंतरराष्ट्रीय यादीत पूर्वी धोक्यात म्हणून लिहिलेला हा मासा आता कमी काळजीच्या रकान्यात आला. या कामाला आमचा मुजरा आहे.

मग आक्षेप कशाला? तर त्याच लोणावळ्याच्या नोंदींमुळे.

रोहू-कटला आणि महाशीर यांत फरक आहे तो इथे. रोहूची मादी अंडी घालते ती लाखांनी. १९५७ साली हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन कार्प माशांची पैदास करून दाखविली, तेव्हापासून बोडीत सोडायला बीज हवे तर ते हॅचरीतून आणावे, हा व्यवहार झाला. बोडीतल्या रोहूने तिथे अंडी घातली काय, न घातली काय, आपले अडत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बीज आणतो. महाशीरच्या मादीजवळ अंडी हजारांच्या हिशेबात. अंडे मोठे, सोनेरी पिवळ्या रंगाचे आणि जड. ते पाण्यावर तरंगत नाही, तळाशी जाते. तळाशी गोटे असले तर दोन गोट्यांच्या फटीत बसते, वरून वाहत्या पाण्याचा प्राणवायू मिळतो. अडीच-तीन दिवसांनी पिल्लू निघते, पण ते लगेच पोहत नाही. पोटाला लागलेल्या पिवळ्या पिशवीवर जगत जवळपास आठवडाभर त्याच फटीत, उजेडापासून तोंड लपवून पडून राहते. एकूण हिशेब दहा-बारा दिवसांचा. एवढे दिवस त्या फटीत गाळ शिरता कामा नये, पाणी आटता कामा नये, आणि पाण्यातला प्राणवायू खुंटता कामा नये. पहिल्या पुरासोबत मासा खालच्या डोहातून वर चढतो, तो अशी जागा शोधण्यासाठी.

आता सभासदांनी आपल्या नदीचा तळ डोळ्यांपुढे आणावा. आपण एक लाख बोटुकली सोडली आणि समजा त्यांतली काही जगली, तीन-चार वर्षांनी अंड्यावर आली. ती कुठे जातील? गोट्यांची जागा असेल तर वंश चालेल. नसेल तर तो मासा आपल्या नदीत म्हातारा होऊन मरेल, आणि आपण पुन्हा मंडप घालून पुन्हा लाख सोडू. याला नदीत मासा असणे म्हणत नाहीत.

कॅनडा देशातली एक हकिगत इथे सांगण्यासारखी आहे. तिकडे नेचाको नावाच्या नदीत स्टर्जन हा माणसाहून मोठा होणारा, शंभर वर्षांच्या घरात जगणारा मासा आहे. १९५० नंतर लगेच नदीच्या वरच्या अंगाला धरण झाले. पुढे कितीतरी वर्षे लोकांना मोठमोठे स्टर्जन दिसत होते, म्हणून कोणाला चिंता नव्हती. नंतर शास्त्रज्ञांनी माशांची वये तपासली, तेव्हा कळले की साधारण १९६७ पासून जन्मलेली पिल्ले जवळजवळ नाहीतच. म्हातारे जिवंत आणि पाळणा रिकामा. कारण शोधता शोधता बोट गेले ते नदीच्या तळाकडे. अंडी घालायच्या गोट्यांवर बारीक रेती येऊन बसली होती. मग व्हॅन्डरहूफ गावाजवळ २०११ साली त्यांनी नदीत मुद्दाम स्वच्छ गोटे नेऊन पसरले. आपण नदीतून ट्रॅक्टरने काढतो, त्यांनी नदीत ट्रकने टाकले.

दुसरी हकिगत आपल्याच देशातली आणि जरा कडू. कावेरीत कुबड असलेला एक प्रचंड महाशीर होता, फक्त त्याच खोऱ्यातला. १९७० च्या दशकापासून मासे वाढावेत या चांगल्या हेतूने तिथे दुसरा महाशीर, म्हणजे आपला दख्खनचा, बाहेरून नेऊन सोडला गेला. तो तिथे फोफावला आणि मूळचा कुबडवाला मागे पडत गेला. त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली २०१८ साली, आणि त्याच सुमारास तो अतिधोक्यातल्या यादीत गेला. घरच्याचे नाव रेशनकार्डावर चढविले तेव्हा तो शेवटच्या घटका मोजत होता. म्हणून म्हणतो, बाहेरचे बीज सोडण्यापूर्वी आपल्या नदीत आज कोण आहे, हे पाहून घ्या. गोदावरीच्या खोऱ्यात महाशीरच्या जुन्या नोंदी आहेत, आणि आपली पेंच, कन्हान, वैनगंगा त्याच खोऱ्यातल्या. घरच्या पाहुण्याला ओळखल्याशिवाय परका आणून बसविण्याची घाई कशाला?

मग करायचे काय? पाहणी करायची. पाहणी म्हटले की लोकांना वाटते दिल्लीहून पथक येणार, जीप फिरणार, अहवाल कपाटात जाणार. तसे नव्हे. ऊसवाला माणूस माती परीक्षण करतो, मग खताची मात्रा ठरवितो. तसेच नदीच्या तळाचे परीक्षण. लागते काय, तर दोर, खुणा केलेला बांबू, घड्याळ, आणि एक संत्रे.

संत्र्याचे हसू नका. पाण्याचा वेग मोजायला ते उत्तम, कारण ते अर्धेअधिक बुडून तरंगते आणि वाऱ्याने पळत नाही. दहा मीटर अंतर आखायचे, वरच्या टोकाला संत्रे सोडायचे, खालच्या टोकाला किती सेकंदांत पोहोचले ते पाहायचे. वीस सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. वरचे पाणी तळच्यापेक्षा जलद असते म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचे, की सरासरी वेग आला. (उन्हाळ्यात संत्रे नसेल तर मोसंबी चालेल. नागपूर जिल्ह्यात एवढ्याची तरी अडचण नको.) खोली बांबूने मोजायची. गोटे मोजायची रीत अमेरिकेतल्या वोल्मन नावाच्या गृहस्थाने १९५४ साली सांगितली, ती आजही चालते: पात्रात इकडून तिकडे चालत जायचे, पावलाच्या टोकाशी न पाहता बोट लावायचे, जो दगड हाताला येईल तो उचलून मोजायचा, असे शंभर. शंभरात किती बारीक रेती, किती आवळ्याएवढे, किती नारळाएवढे, यावरून तळाचा स्वभाव कळतो. दगड अर्धा गाळात रुतलेला होता की मोकळा, हेही लिहायचे. आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा रकाना तोच.

याप्रमाणे नदीचा दोन-तीन किलोमीटरचा पट्टा चौकोन पाडून कागदावर उतरला की पुढचे काम हिशेबाचे. त्याला शास्त्रज्ञ अधिवासाचे प्रारूप म्हणतात. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्सला १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही रीत बसविली गेली, धरणातून नदीला किती पाणी सोडावे हा वाद मिटविण्यासाठी. गोष्ट अशी की प्रत्येक चौकोनाला तीन गुण द्यायचे, शून्य ते एक या मापात: खोली माशाला पसंत आहे का, वेग पसंत आहे का, तळ पसंत आहे का. मग तिन्ही गुणांचा गुणाकार. समजा खोलीला ०.८, वेगाला ०.५, गोट्यांना ०.९ मिळाले, तर गुणाकार ०.३६. तो चौकोन शंभर चौरस मीटरचा असेल तर कामाची जागा छत्तीस चौरस मीटर धरायची. सगळ्या चौकोनांची बेरीज केली की नदीतली बाळंतिणीची खोली किती मोठी, हे कळले. नंतर नदीला पाणी कमी-जास्त धरून तोच हिशेब पुन्हा मांडायचा. अमुक इतके पाणी सोडले तर जागा किती वाढते, कुठवर वाढते आणि कुठून पुढे पाणी फुकट जाते, ते दिसू लागते.

बेरीज न करता गुणाकार का, हे ऊसवाल्याला सांगायला नको. युरिया भरपूर, बेणे उत्तम आणि पाणी शून्य, तर एकरी टनेज किती? शून्य. तसेच इथे. खोली छान, वेग छान आणि गोट्यांवर चार बोटे गाळ, तर उत्तर शून्य. बाकीच्या दोन गुणांचा काही उपयोग नाही.

या हिशेबावर आंधळा विश्वासही ठेवू नये, हे सांगतो. माशाची पसंती ही परदेशातल्या ट्राउट माशाच्या पुस्तकातून उचलून आपल्या माशाला लावली तर आकडे सुबक येतील आणि चुकीचे येतील. आणि कागदाने जिथे चांगली जागा म्हटले, तिथे श्रावणात जाऊन अंडी-पिल्ले खरेच दिसतात का, हे पाहिल्याशिवाय कागद खरा मानू नये. हे काम करायला नागपुरात माणसे आहेत. पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरात २००० सालापासून आहे, त्याचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय तेलंखेडीला आहे. पाण्याच्या परीक्षणासाठी १९५८ पासूनची नीरी संस्था आहे. प्रताप नगरातल्या त्या बैठकीच्या घरून दोन्हीकडे जायला ऑटोही लांबचा पडत नाही, आणि आपण बोलत होतो बोटुकली कुठून आणायची त्याविषयी!

त्याहून मोठे जाणकार आपल्या नदीकाठीच आहेत, ते आपले ढिवर बांधव. कोणता डोह चैत्रातही आटत नाही, पहिल्या पुरात कोणता मासा कोणत्या नाल्याच्या तोंडाशी चढतो, पूर्वी काय मिळे आणि आता काय मिळत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांच्याही मच्छीमार सहकारी संस्था आहेत. आपण सहकार सहकार म्हणतो, पण ऊसवाल्यांच्या सहकाराने ढिवरांच्या सहकाराला कधी बरोबरीने बसविले, असे आमच्या तरी पाहण्यात नाही. या पाहणीत त्यांना वाटाडे म्हणून नव्हे, तर रोजी देऊन, अहवालावर नाव घालून घ्यावे.

आता जे बोलायचे आहे ते आपल्या पायाशी येते, सबब काही मंडळींना आवडणार नाही.

बैठकीत पेल्यांतून फिरले ते शहराच्या नळाचे पाणी. नागपूरला पाणी येते ते पेंच आणि कन्हानचे. तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या ज्या पाण्यावर शहर जगते, त्याच पाण्यावर आपले नहर चालतात. २०१९ च्या उन्हाळ्यात, वर चौराईला धरण झाल्यानंतर, तोतलाडोह तळाला गेला तेव्हा शहर मोठे की शेती मोठी, हा वाद आपण सर्वांनी ऐकला. शहर वापरलेले पाणी नाग नदीतून कन्हानला देते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते आणि ते सारे गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन थांबते. नागपूरकरांच्या सांडपाण्याला शिव्या घालणे सोपे आहे, आणि त्या आपण घालतोही. पण मधल्या पट्ट्यात आपण आहोत, आणि आपल्या हातच्या तीन गोष्टी आहेत.

पहिली, बंधाऱ्याची दारे. कोल्हापुरी बंधाऱ्याची दारे पावसाळ्यापूर्वी काढायची आणि पावसाळा ओसरल्यावर बसवायची, हा नियम. पण आपल्याकडे होते असे की उसाला शेवटची पाळी मिळावी म्हणून दारे मृग लागला तरी तशीच. मग पूर येतो, दारे अडकतात, आणि पुढचे दोन महिने कोणी पाण्यात उतरत नाही. मासा वर चढतो तो नेमका याच दिवसांत. बंधाऱ्याखाली धडका मारणारे मासे जाळ्याने उपसणारी मंडळी आपण पाहिली आहेत. त्यांतले काही सभासदच आहेत, नावे घेत नाही. त्या भगिनी माहेराचे दार म्हणाल्या ते हे.

दुसरी, रेती आणि गोटे. रेतीघाटांचा मोठा व्यापार आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, हे कबूल. परंतु ऊस वाहतुकीचे शिवार-रस्ते भरायला, गोठ्याच्या ओट्याला, विहिरीच्या बांधकामाला जे गोटे आणि मुरूम नाल्याच्या तोंडाशी भरले जातात, ते कोणाच्या ट्रॅक्टरमध्ये? हंगामात ऊस ओढणारा ट्रॅक्टर उन्हाळ्यात रिकामा असतो आणि नदी जवळ असते. एका ट्रॉलीने नदी मरत नाही खरे. पण गोटे उचलताना चाकांनी जो गाळ उसळतो तो खालच्या गोट्यांवर बसतो, आणि गुणाकारात शून्य कुठून येते, ते वर लिहिलेच आहे.

तिसरी गोष्ट कारखान्याची. नदीत सोडायच्या पाण्याचा बी.ओ.डी. लिटरला तीस मिलिग्रॅमच्या आत हवा, हा नियम आपल्या रसायनशाळेच्या भिंतीवर टांगलेला आहे. हंगामात तो पाळण्याची आपली मंडळी खटपट करतात. खरी भीती हंगाम संपल्यावर. साठवण तळ्यात उरलेले मळीमिश्रित पाणी उन्हाळाभर पडून असते आणि मृगाच्या पहिल्या जोरकस पावसात बांध ओलांडून नाल्याला लागते. दोन वर्षांपूर्वी असेच झाले. नाल्याचे पाणी चहासारखे तांबडे झाले होते आणि काठावर मासे तोंड उघडून पडले होते. संचालक मंडळाने अहवाल मागविला, तो आला, त्यात पाऊस अनपेक्षित असल्याचे लिहिले होते. जूनमधला पाऊस अनपेक्षित! २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मरून पाण्यावर आले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने चित्रे पाहिली आणि साखर कारखानदारीकडे बोट दाखविले. आपल्या नाल्याचे चित्र कोणी काढले नाही, एवढाच काय तो फरक. अंड्यावर आलेला मासा पहिल्या पावसात डोह सोडून निघतो आणि त्याच पावसात आपले तळे फुटते. मग श्रावणात पाहुण्यांच्या हस्ते बोटुकली सोडायची, याला काय म्हणावे ते सभासदांनी ठरवावे.

एक आक्षेप येणार, तो आधीच घेतो. कारखाना साखरेचा आहे, माशांचा नव्हे. सभासदाच्या पैशातून हा उद्योग कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न असा की, लाख बोटुकल्यांच्या सूचनेला टाळी वाजविताना तो का सुचला नाही? मंडप, हार, पाहुण्यांचे जेवण आणि बीज यांत जो खर्च होईल, त्याहून जास्त खर्च पाहणीला लागू नये. आणि पाहणीचा उपयोग माशापुरता नाही. कोणत्या महिन्यात नदीला किती पाणी, बंधाऱ्यामागे किती गाळ चढला, कोणत्या डोहात प्राणवायू किती, हे आकडे आपल्याजवळ असले तर पाटबंधारे खात्यापुढे पाण्याची पाळी मागताना आपण तोंडी गाऱ्हाणी घेऊन जाणार नाही. आजवर आपण तेच केले आहे, आणि त्याचे फळ २०१९ साली पाहिले आहे.

यावरही कोणी म्हणेल की पाहणीत जागाच सापडली नाही तर? तर बोटुकली सोडू नयेत, असे आमचे मत आहे. गाळ चढलेल्या एखाद्या नाल्याचे तोंड मोकळे करावे, दोन पावसाळे पाहावे, मग पुन्हा मोजावे. आणि जागा सापडली, मासाही सापडला, तर बाहेरचे बीज आणण्याची गरजच उरत नाही. त्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात जाळे न टाकण्याचा ठराव ढिवर बांधवांच्या संस्थेसोबत बसून करावा, आणि त्या दोन महिन्यांची त्यांची रोजी बुडू नये याची तजवीज कारखान्याने करावी. देहूला आणि वाळणकोंडीला देवाच्या नावाने जे झाले, ते आपल्याकडे कराराने व्हायला हरकत नाही.

संचालक मंडळापुढे आम्ही लेखी सूचना ठेवली आहे. महाशीर बीजाचा कार्यक्रम तूर्त स्थगित ठेवावा; आपल्या कार्यक्षेत्रातल्या नदीपट्ट्याची एक उन्हाळा आणि एक पावसाळा मिळून पाहणी करावी; मत्स्य महाविद्यालयाला तसे पत्र द्यावे; पाहणीचे आकडे याच अंकातून सभासदांना छापून द्यावेत, बरे असोत की वाईट. सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय यायला हवा असेल तर सभासदांनी नियमाप्रमाणे मुदतीत लेखी मागणी करावी, नाहीतर आयत्या वेळचे विषय म्हणून तो शेवटी येतो आणि तोवर मंडळी जेवायला उठलेली असतात.

दारांची आणि तळ्याची गोष्ट मात्र सप्टेंबरपर्यंत थांबण्यासारखी नाही. बंधाऱ्याची दारे यंदा मेअखेर निघावीत आणि साठवण तळ्याचा बांध मृगापूर्वी दोन फूट उंच व्हावा, यासाठी आम्ही कार्यकारी संचालकांना भेटलो. बांधाचे काम त्यांनी लगेच मान्य केले. दारांच्या बाबतीत ते म्हणाले की काठावरचे पंपवाले सभासद सही देतील तर ते पाटबंधारे खात्याला लिहितील. एकूण अठ्ठावीस पंप आहेत. आजवर एकोणीस सह्या झाल्या.

पाण्याला ओढ कमी आणि गोटे उघडे असतात ते याच दिवसांत, म्हणून गोटे मोजायचे काम या महिन्यातच सुरू करीत आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी शेती खात्यात नाव नोंदवावे. सकाळी सहाला बंधाऱ्यावर जमायचे, ऊन चढण्याआधी परत. कॉलेजात जाणारी मुले-मुली पाठविली तर उत्तम. प्रताप नगरच्या मंडळींनी त्यांच्यासाठी गाडीची सोय करण्याचे कबूल केले आहे. त्या सभासद भगिनी येणार आहेत आणि बांबू घरून आणणार आहेत. सूचना मांडणारा तरुणही येतो म्हणाला आहे.